एक उठला की गाणं बसलं: इंग्लंडच्या 'ग्ली'ची गोष्ट

लंडनमधल्या एका टॅव्हर्नची वरची खोली, काळ साधारण अठराव्या शतकाच्या अखेरचा. जेवणं उरकली आहेत, टेबलावरचं कापड काढून नेलं आहे, पोर्टची बाटली हातोहात फिरते आहे. तिघं जण एक गाणं सुरू करतात. कागदावर बघाल तर अगदी सभ्य प्रेमगीत. सोफाया, प्रियकराला टाकून तू जातेस तरी कशी. त्या इंडियनाचा उसना पिसारा आणा, तुझं रूप त्याहून खुलतं. मी काय, तुझ्या हृदयातला नुसता भाडेकरू.

पहिला एकटा गातो तोवर सगळं ठीक असतं. दुसरा येऊन मिळतो, मग तिसरा, आणि खोलीत हशा पिकतो. कारण 'आ, हाउ, सोफाया' हे झरझर म्हटलं की कानाला 'हाउस ओ फायर' असं ऐकू येतं. घराला आग लागली! 'गो फेच द इंडियन्स' या शब्दांचं होतं 'गो फेच द एंजिन्स'. अरे, बंब आणा! आणि तिसरा मात्र शांतपणे म्हणत असतो, 'आय ॲम बट अ लॉजर'. मी तर बुवा भाडेकरू. घर जळो नाहीतर राहो, त्याचं काय जातंय?

आपण शाळेत सभंग श्लेष शिकलो तेव्हा 'औषध न लगे मजला' हे उदाहरण पाठ केलं होतं. आईला वाटतं मुलीला औषध नको आहे, आणि मुलगी सांगत असते की माझं औषध 'नल' आहे गं. जॉन वॉल कॉलकॉट या संगीतकाराने केलेला विनोद त्याच जातीचा, फक्त तो एकट्याच्या तोंडी उमटत नाही. तिघं एकाच वेळी गायले तरच तो ऐकू येतो.

या प्रकाराला म्हणतात 'कॅच'. रचना साधी असते. समजा गाण्याला तीन ओळी आहेत. पहिला गायक पहिली ओळ संपवून दुसरीवर गेला की दुसरा गायक पहिली ओळ धरतो. पहिला तिसरीवर जातो, दुसरा दुसरीवर, आणि तिसरा पहिलीपासून सुरुवात करतो. आता तिन्ही ओळी एकाच वेळी वाजताहेत आणि चक्र फिरतं आहे. तिन्ही ओळी एकमेकींवर ठेवल्या तरी कानाला बोचायला नकोत, ही संगीतकाराची पहिली परीक्षा. दुसरी अधिक अवघड: एका ओळीत नेमक्या ठिकाणी श्वासापुरती जागा मोकळी सोडायची, म्हणजे त्या फटीतून दुसऱ्या ओळीतला नको तो शब्द डोकावेल. हे 'नको ते शब्द' बहुतेक वेळा आगीपेक्षा बरेच चावट असत. आपल्या पोरांच्या शाळेत शिकवतात ते 'थ्री ब्लाइंड माइस' याच घराण्यातलं, आणि ते १६०९ साली लंडनमध्ये छापलेलं आहे. हेन्री पर्सेलसारख्या थोर संगीतकाराने चर्चसाठी गंभीर रचना केल्या आणि टॅव्हर्नसाठी कॅचही केले. त्या काळात यात कुणाला विसंगती वाटत नसे.

पण मला सांगायचं आहे ते कॅचच्या धाकट्या, जरा शहाण्या भावंडाबद्दल. त्याचं नाव 'ग्ली'.

आज ग्ली म्हटलं की इंग्रजी जाणणाऱ्याला 'आनंद, उल्लास' असा अर्थ सुचतो. गाण्याच्या संदर्भात तो अर्थ बाजूला ठेवा. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ संगीत, रंजन असाही होता, आणि इथे तोच लागतो. म्हणून त्या काळी स्पर्धेत 'गंभीर ग्ली' असा वेगळा विभाग असे आणि त्यात मरणावरची, विरहावरची गाणी येत.

ग्ली समजून घ्यायला आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, आणि आपल्या कानाला ती थोडी परकी आहे. आपल्या भजनी मंडळात पंचवीस जण गात असले तरी चाल एकच असते. कुणी वरच्या सप्तकात गाईल, कुणी खालच्या, पण सगळे चालतात एकाच वाटेने. गोव्यातल्या मंडळींना मांडो गाताना दुसरा आवाज खालून वेगळ्या सुरांत साथ करतो हे माहीत असेल. त्याच्याही पुढे जा. चार माणसं, चार वेगळ्या चाली, शब्द बहुधा तेच, आणि चारही चाली अशा बांधलेल्या की कुठल्याही क्षणी चार सूर एकत्र ऐकले तर त्यांचा मेळ बसावा. वाद्य नाही. पेटी नाही, तानपुरा नाही. सूर धरायला आधार आहे तो फक्त शेजारच्या माणसाचा.

आता मुख्य नियम. ग्लीमध्ये एका चालीला एकच माणूस. कमीत कमी तिघं, बहुधा चौघं, कधी पाच, पण प्रत्येकाची जागा त्याची एकट्याची. बाकी सगळं या एका नियमातून निघतं.

मी काही वर्षं एका हौशी गायकवृंदात बास, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, गात होतो. पन्नास-साठ जणांत सूर निसटला तर शेजाऱ्याच्या आवाजात लपता येतं, आणि मी मनसोक्त लपलेलो आहे. एकदा आम्ही चौघांनी हौसेने एक ग्ली बसवायला घेतली. तिसऱ्या तालमीला दुसरा टेनर, म्हणजे बासच्या वरचा पुरुषी आवाज गाणारा, तापाने आडवा. म्हटलं, तिघंच गाऊन बघू. दहाव्या-बाराव्या मात्रेला एक वाक्य त्याने सुरू करायचं होतं आणि आम्ही उरलेल्यांनी ते उचलायचं होतं. ते वाक्य आलंच नाही. आम्ही तिघं एकमेकांची तोंडं बघत बसलो. वृंदगानातून एक माणूस उठून गेला तर फारसं कुणाला कळत नाही. ग्लीमध्ये एक उठला की गाणंच बसतं.

म्हणूनच ग्लीची घडण वेगळी असते. सगळ्यांनी एकत्र एकेक शब्द उच्चारत पुढे जायचं, असा भाग असतो. पण लगेच एक आवाज सुटा होतो, दुसरा त्याला उत्तर देतो, दोघं जोडीने चालतात, बास काही वेळ गप्प राहतो आणि मग नेमक्या शब्दावर येऊन आदळतो. गाण्याला कडवी नसतात, म्हणजे एकाच चालीवर वेगवेगळे शब्द नाहीत. कविता जशी वळेल तशी चाल वळते, लय बदलते. सॅम्युअल वेबची 'व्हेन विंड्स ब्रीद सॉफ्ट' ही पाच आवाजांची ग्ली बघा. सुरुवातीला समुद्र शांत, मंद वारा, आणि आवाजही एकमेकांना धक्का न लावता सरकतात. मग जोराचा वारा सुटतो, पाणी खवळतं, आणि बघता बघता पाचही गायक एकमेकांच्या अंगावर लाटांसारखे चढतात, जहाजाची डोलकाठी मोडते. वाद्य एकही नाही. पाच गळे आणि एक टेबल.

हे टेबलही महत्त्वाचं. १७६१ साली लंडनमध्ये काही उमराव आणि सैन्यातले बडे अधिकारी यांनी मिळून 'नोबलमेन अँड जेंटलमेन्स कॅच क्लब' काढला. सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या 'थॅच्ड हाउस' टॅव्हर्नमध्ये तो भरत असे. जेवायचं, प्यायचं आणि गायचं. उमरावांच्या जोडीला वेस्टमिन्स्टर ॲबी, सेंट पॉल्स, राजाचं खासगी चर्च इथले पगारी गायक असत. कारण उघड आहे: उमरावांना हौस होती, पण कठीण जागा निभावून नेणारे गळे चर्चमध्ये होते. एरवी या दोन वर्गांतली माणसं एका पंगतीला बसली नसती. गाण्याने बसवली, निदान त्या संध्याकाळपुरती.

१७६३ पासून क्लब दरवर्षी सुवर्णपदकं देऊ लागला: एक कॅचला, एक कॅननला (तीही चक्राकारच रचना, पण कडक शिस्तीची), एक गंभीर ग्लीला, एक आनंदी ग्लीला. या पदकांनी ग्लीची अक्षरशः शेती पिकवली. वर उल्लेख आलेला वेब हा सुताराकडे, म्हणजे फर्निचर बनवणाऱ्याकडे, उमेदवारी केलेला माणूस. पुढे पोटासाठी दुसऱ्यांच्या रचनांच्या नकला उतरवता उतरवता संगीत शिकला. त्याने वीसहून जास्त पदकं मिळवली आणि अखेर त्याच क्लबचा चिटणीस झाला. कॉलकॉटची गोष्ट तर त्याहून भारी. त्याला व्हायचं होतं सर्जन. पण एक शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली आणि त्या वाटेला पुन्हा गेला नाही. १७८७ साली या पठ्ठ्याने स्पर्धेला जवळजवळ शंभर रचना पाठवल्या. परीक्षकांचं काय झालं असेल याची कल्पना करा. क्लबला नियमच करावा लागला की एका माणसाने एका विभागात तीनपेक्षा जास्त रचना पाठवू नयेत. कॉलकॉटने १७८९ मध्ये नियमात राहून चारही पदकं उचलली.

याच स्पर्धेत १७७९ साली 'हिअर इन कूल ग्रॉट' या ग्लीला बक्षीस मिळालं. थंडगार गुहेत, शेवाळाच्या खोलीत राहणाऱ्या पऱ्यांचं हे गाणं. रचनाकार होता आयर्लंडचा गॅरेट वेस्ली, अर्ल ऑफ मॉर्निंग्टन, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातला संगीताचा पहिला प्राध्यापक. आपल्याला हा माणूस ठाऊक नाही, पण त्याची मुलं चांगलीच ठाऊक आहेत. थोरला रिचर्ड म्हणजे गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली. धाकट्यांपैकी आर्थर म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी लढलेला जनरल, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. आर्थरही तरुणपणी व्हायोलिन वाजवत असे; शिपाईगिरीत चित्त लागावं म्हणून त्याने ते जाळून टाकलं, असं सांगतात. बापाच्या पऱ्या गुहेत राहिल्या, मुलगा केळणेच्या काठी आला.

एक आणखी धागा आपल्याकडचा. कॉलकॉटचा भाऊ ऑगस्टस हा नावाजलेला चित्रकार. त्याची बायको मारिया, आधीच्या लग्नाची मारिया ग्रॅहम, १८०९ मध्ये मुंबईत आली होती आणि घारापुरी, कार्ले इथली लेणी पाहून तिने त्यावर लिहिलं. १८१२ साली छापलेलं तिचं प्रवासवर्णन मुंबईच्या इतिहासाचे अभ्यासक आजही उघडतात.

कॅच क्लब उमरावांचा. मग मध्यमवर्गाने आपले क्लब काढले. १७८३ साली सुरू झालेला 'ग्ली क्लब' त्यातला मोठा. त्याची बैठक वेबच्या 'ग्लोरियस अपोलो' या तीन आवाजांच्या ग्लीने सुरू होई, आपल्याकडे नांदी व्हावी तशी. 'ॲनॅक्रिऑन्टिक सोसायटी' नावाची आणखी एक मंडळी होती. तिच्या सलामीच्या गीताला चाल दिली जॉन स्टॅफर्ड स्मिथने, जो स्वतः कॅच क्लबचा पदकविजेता होता. ती चाल समुद्रापलीकडे गेली, तिच्यावर वेगळे शब्द चढले, आणि १९३१ पासून ती अमेरिकेचं राष्ट्रगीत आहे. लंडनच्या पिणाऱ्यांनी मद्य-प्रेमाची गाणी रचणाऱ्या ॲनॅक्रिऑन या प्राचीन ग्रीक कवीला घातलेली साद! तिचा वरचा सूर गाठताना भल्याभल्यांची तारांबळ उडते, आणि का उडते तेही आता कळेल: चाल एका कसलेल्या गायकासाठी होती, स्टेडियमसाठी नव्हे.

लंडनबाहेरही हे लोण पसरलं. कँटरबरीचा कॅच क्लब १७७९ पासून १८६५ पर्यंत चालला. त्याचं १८२६ चं एक चित्र आहे: लांब टेबलं, तंबाखू ओढायचे लांब नळ्यांचे मातीचे पाइप, टोकाला वादक, आणि खोलीभर पुरुषच पुरुष.

बायका कुठे आहेत? नाहीत. वरचा आवाज, आल्टो, हासुद्धा पुरुषच गात, पातळ आवाज वर चढवून. चर्चमध्ये ही विद्या पिढ्यान्पिढ्या जपलेली होती. कॅचचे शब्द असे की बायकांना बोलवायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर बायका नसाव्यात म्हणूनच निम्मे सभासद येत असावेत. मधून मधून कुटुंबीयांसाठी खास संध्याकाळ ठेवली जाई, तेव्हा निवडक सोवळी गाणी निघत. एकोणिसाव्या शतकात तर जुन्या कॅचना नवे, धुतलेले शब्द लावून छापायची पद्धत पडली. चाल तीच, पण फटीतून डोकावणारं काही उरलं नाही. कशासाठी गायचं मग?

ग्ली मागे पडण्याची कारणं इथूनच सुरू होतात. घराघरांत पियानो आला आणि दिवाणखान्यात मुली-बायका गाऊ लागल्या. चार पुरुषांसाठी लिहिलेली गाणी तिथे चालेनात. पण त्याहून मोठी लाट खालून आली. गिरणी-कारखान्यांच्या शहरांत हजारो माणसांना एकत्र गायचं होतं, आणि कुणालाही नोटेशन वाचता येत नव्हतं.

१८४१ साली जॉन हुल्ला याने लंडनच्या एक्झिटर हॉलमध्ये गाण्याचे प्रचंड वर्ग सुरू केले. त्याच्या पद्धतीत 'डो' ठरलेल्या एकाच पट्टीला बांधलेला होता. आपल्याला यातली अडचण सांगायला नको: काळी एकला सा धरून शिकलेल्या माणसाला पांढरी चारवर आणलं आणि म्हटलं की सा तिथेच राहील, तर त्याचा गोंधळच होणार. जॉन कर्वेन या पाद्र्याने नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर या शिक्षिकेच्या पद्धतीवरून 'टॉनिक सोल्फा' बांधली. तिच्यात पट्टी बदलली की डो बदलतो, अगदी आपल्या षड्जासारखा. पाच रेघांचं नोटेशनही नको; नुसती अक्षरं आणि मात्रांच्या खुणा. भातखंडे पद्धतीचं पुस्तक उघडून बसलेल्या माणसाला कर्वेनचं पान बघून घरी आल्यासारखं वाटेल. विणकर, खाणकामगार, दुकानात काम करणाऱ्या मुली हे सगळे दोन-चार महिन्यांत कागदावरून गाऊ लागले. त्यांना स्वस्त कागद पुरवला नोव्हेलो या प्रकाशन संस्थेने. १८४४ पासून तिचं 'म्युझिकल टाइम्स' हे मासिक निघू लागलं आणि त्याच्या अंकात गायला एखादी रचना जोडलेली असे.

या हजारोंसाठी जे गाणं लिहिलं गेलं ते 'पार्ट साँग'. दिसायला ग्लीचाच भाऊ: वाद्याविना, चार आवाज, इंग्रजी कविता. पण नियम उलटा. एका चालीला एक नव्हे, दहा-वीस जण. त्यात बायकांचे सोप्रानो आणि आल्टो, म्हणजे वरचे आणि खालचे आवाज, आले. एवढ्या लोकांना घेऊन ग्लीसारखी वळणं घेता येत नाहीत, म्हणून बहुतेक पार्ट साँगमध्ये चारही आवाज एकत्र पावलं टाकतात, वरच्या आवाजात मुख्य चाल असते, आणि दुसऱ्या कडव्याला तीच चाल पुन्हा येते. शिकायला सोपं, ऐकायला गोड. यात मेंडेल्सनच्या जर्मन वृंदगीतांचा गोडवा मिसळला.

इथे माझं मत सांगून टाकतो: यातली निम्मी गाणी पाकात बुडवलेली आहेत. चंद्र, संध्याकाळ, झोपलेलं बाळ, पुन्हा संध्याकाळ. आर्थर सलिव्हनचं १८६८ चं 'द लाँग डे क्लोझेस' ऐकताना डोळे पाणावतात आणि लगेच आपण फसलो असंही वाटतं. (याच सलिव्हनने १८७८ च्या 'एच. एम. एस. पिनाफोर' या ऑपेरामध्ये ग्लीची मस्त टिंगल केली आहे. आरमाराचा मंत्री खलाशांना स्वतंत्र बाण्याचं गाणं शिकवतो, आणि बाणा असा की वरून आलेल्या हुकमाप्रमाणे गायचा.) पण रॉबर्ट पिअर्सॉलचं १८४० चं 'ले अ गार्लंड' मात्र कुठल्याही काळात उभं राहील. वकिली सोडून युरोपात जाऊन राहिलेला हा ब्रिस्टॉलकर. आठ आवाज. एक आवाज आपला सूर धरून बसतो, बाकीचे त्याच्याखालून पुढे सरकतात, तेव्हा तो सूर बोचू लागतो. मग तो हळूच एक पायरी उतरतो आणि बोच विरते. तेवढ्यात दुसरा आवाज तसाच अडून बसलेला असतो. प्रेमात फसवल्या गेलेल्या एका मुलीच्या थडग्यावर हार ठेवा, एवढाच अर्थ; आणि तीनेक मिनिटं एक बोच विरते न विरते तोच दुसरी सुरू.

लंडनचा ग्ली क्लब १८५७ मध्ये बंद झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्ड ग्ली क्लब निघाला. नाव ग्लीचं, पण तो मोठा वृंद. तिकडे आज ग्ली क्लब म्हणजे कॉलेजचा गायकवृंद, एवढाच अर्थ उरला आहे. संगीताचे इतिहासकारही ग्लीला फार भाव देत नाहीत, कारण ते श्रोत्याच्या खुर्चीत बसून ऐकतात. त्या खुर्चीतून ग्ली खरोखरच किरकोळ वाटते. ती गाणाऱ्यांच्या टेबलासाठी लिहिलेली होती, आणि बास गाणाऱ्याला तिथे मधोमध बसून जे ऐकू येतं ते पाचव्या रांगेत पोचतच नाही.

एक ग्ली मात्र तगून आहे. रेजिनल्ड स्पोफोर्थची १८१० ची 'हेल स्मायलिंग मॉर्न'. हसऱ्या पहाटे, ये. तुझ्या येण्याने अंधार पळतो. यातले 'फ्लाइज अवे' हे दोन शब्द चारही आवाज चेंडूसारखे एकमेकांकडे फेकतात, एकाने टाकायचे, दुसऱ्याने झेलायचे. शेफील्डच्या आसपासच्या गावांत नोव्हेंबरपासून नाताळापर्यंत लोक पबमध्ये जमून जुनी स्थानिक कॅरल्स गातात, आणि त्यांत ही ग्ली गाणारेही आहेत. तिच्यात ख्रिस्ताचं नावसुद्धा नाही. एका चालीला एक माणूस हा नियम तिथे कुणी पाळत नाही. बायका आहेत, पोरं आहेत, हातात ग्लास आहेत, बाहेर काळोख दुपारी चारलाच पडलेला आहे, आणि खच्चून भरलेल्या खोलीत 'फ्लाइज अवे' या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातंय.